चीक, घंटा आणि कुरकुरणारी बाहुली

नमस्कार, श्रोतेहो.

येत्या ऑगस्टमध्ये मी जपानला निघालेय. एकटी, दहा दिवस, रेल्वेनं, आणि फक्त तिथल्या पारंपरिक हस्तकला बघायला. घरात हे सांगितल्यावर पहिला प्रश्न आला, “एकटीच?” दुसरा आला, “आणि खाणार काय?” दोन्हींची उत्तरं बोलता बोलता येतीलच.

पहिला बेत मी नकाशा पुढ्यात घेऊन आखला होता. दक्षिणेला क्यूशूमधलं आरिता, जिथं १६१६ मध्ये जपानी पोर्सेलीनची सुरुवात झाली असं मानतात. तिथून ओकायामाजवळचं बिझेन, झिलई न देता भाजलेल्या मडक्यांचं. मग सोन्याच्या वर्खाचं कानाझावा, एचिझेनचा हातकागद, आणि तिथून थेट वर उत्तरेला. दहा दिवसांत अकरा गावं! म्हणजे कारागिराजवळ दहा मिनिटं आणि गाडीत पाच तास. तरी मी खुशीत होते. त्या बेताचा निकाल लावला तो कागदानं.

झालं असं की, हातकागदाबद्दल वाचताना कळलं, हे मुळात थंडीतलं काम. लगद्यात तोरोरो-आओई नावाच्या झाडाच्या मुळांचा रस घालतात. हे झाड आपल्या भेंडीच्या जातकुळीतलं, त्यामुळे रस कसा असेल ते तुम्हाला सांगायला नको. त्या बुळबुळीमुळे तंतू तळाशी न बसता पाण्यात सारखे पसरून राहतात. उन्हाळ्यात मात्र रसाची बुळबुळ लवकर जाते. मग मी ऑगस्टच्या उकाड्यात कागद बघायला जाऊन काय करणार? हुरडा खायला मे महिन्यात सोलापूरला जाण्यातला प्रकार.

मग मी प्रश्नच बदलला. कुठं जायचं, यापेक्षा उन्हाळ्यात काय चालू असतं?

उत्तर मिळालं, उरुशी. उरुशी म्हणजे एका झाडाचा चीक. वाट्या, पेले, देवळांचे खांब, सगळ्यावर जपानी लोक त्याचे हात देतात. आपण त्याला सरसकट लाखकाम म्हणून मोकळे होतो, पण सावंतवाडीच्या लाखकामातली लाख किड्यांपासून मिळते. उरुशीचं झाड आंबा, काजू आणि बिब्बा यांच्या कुळातलं. कच्चा चीक अंगाला लागला की पुरळ येतं, खाज सुटते. माझ्या आजीच्या भाषेत, बिब्बा उततो तसाच. कोकणात काजूच्या बिया हातानं सोललेल्या माणसाला यातलं काही समजावून सांगावं लागणार नाही.

जपानला लागणारा बहुतेक चीक आज चीनमधून येतो. देशात जो निघतो, त्यातला मोठा वाटा इवाते प्रांतातल्या निनोहे शहराच्या जोबोजी भागातला. राष्ट्रीय ठेवा ठरलेल्या वास्तूंच्या दुरुस्तीला देशीच चीक वापरावा, असं सरकारनं २०१५ मध्ये ठरवल्यापासून त्याची मागणी वाढली. चीक काढण्याचा हंगाम जूनमध्ये सुरू होतो आणि शरदापर्यंत चालतो. त्यातला जुलैच्या मध्यापासून ऑगस्टअखेरचा चीक सर्वांत चांगला.

काढायची रीत ऐका. पंधराएक वर्षांच्या झाडाला एक आडवी चीर देतात. तीन दिवस त्याला हात लावत नाहीत. मग तिच्या वर दुसरी चीर, किंचित लांब. पुन्हा तीन दिवस. माणूस आपल्या झाडांचे चार भाग करतो आणि रोज एकेका भागात फिरतो. असं हंगामभर केलं की एका झाडामागे साधारण दोनशे ग्रॅम चीक हाती येतो, आणि झाड संपतं. ते तोडतात, बुंध्यातून नवे धुमारे फुटू देतात. या पद्धतीला त्यांच्याकडे ‘कोरोशीगाकी’ म्हणतात. त्यातल्या ‘कोरोशी’चा अर्थ मारणं. नाव ठेवताना लपवाछपवी केलेली नाही, हे मला आवडलं.

आणखी एक गंमत. आपण पापड वाळवायला ऊन शोधतो. उरुशीला घट्ट व्हायला दमट हवा लागते. हात दिलेली वाटी ओलसर ठेवलेल्या लाकडी कपाटात ठेवतात. ज्या दमटपणाला प्रवासी शिव्या घालतात, तो या वाटीच्या कामाचा.

तर आता गाव ठरलं, निनोहे. तारखांचं काय? ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात उत्तरेत मोठे उत्सव: आओमोरीचा नेबुता, आकिताचे कंदील, सेंदाईची तानाबाता. त्या दिवसांत एकट्या माणसाला खोली मिळणं मुश्कील. नंतर साधारण १३ ते १६ ऑगस्ट ओबोन. पितर घरी येतात म्हणून सारा देश गावाकडे निघतो. गणपतीतली कोकण रेल्वे आठवा, फक्त रांग सरळ. आणि कार्यशाळांना कुलूप! एकवेळ गर्दी चालेल, पण कारागीरच जागेवर नसेल तर जायचं कशाला? म्हणून मी २० तारखेनंतर निघतेय.

तिकिटाचंही सांगते, कारण इथं बरेच जण फसतात. देशभर चालणारा जपान रेल पास ऑक्टोबर २०२३ मध्ये २९,६५० येनवरून एकदम ५०,००० येनवर गेला, आणि तो सात दिवसांचा. एकाच भागात हिंडणाऱ्याला तो परवडत नाही. पूर्व जपानपुरता वेगळा पास मिळतो, तो बघावा. ‘सेइशुन जूहाची किप्पू’ नावाचं स्वस्त तिकीटही आहे. नावात तारुण्य आणि अठरा आहे, पण वयाची अट नाही, माझ्यासारखीनंही खुशाल काढावं. मात्र ते शिंकानसेनला, म्हणजे बुलेट ट्रेनला, चालत नाही, आणि २०२४ च्या हिवाळ्यापासून त्याचे दिवस सलग वापरावे लागतात. दुसरी मेख अशी की, वाटेतल्या मोरिओका शहराच्या उत्तरेचा जुना मार्ग आता जेआरकडे, म्हणजे हे तिकीट काढणाऱ्या जपान रेल्वेकडे, नाही, वेगळ्या कंपनीकडे आहे. म्हणजे त्या तिकिटावर निनोहे गाठता येत नाही. मी टोकियोहून सरळ शिंकानसेननं वर जाणार, तीन तासांच्या आत, आणि मग उतरत उतरत खाली येणार.

खाली येताना मोरिओका. इथं नांबू तेक्की, म्हणजे ओतीव लोखंडाच्या किटल्या. अंगावर गारांसारखे बारीक दाणे असतात ना, ते किटलीवर ठोकलेले नसतात. मातीच्या साच्याच्या आतल्या बाजूला एकेक खळगी दाबून उठवतात. एका किटलीला किती खळग्या, ते तिथंच मोजेन. विकत घेणाऱ्यांसाठी एक खूण: आत एनॅमलचा मुलामा असेल तर ती चहा मुरवायची, पाणी उकळायच्या किटलीला आत मुलामा नसतो.

त्याच लोखंडाच्या छोट्या घंटा ओशू शहरातल्या मिझुसावा स्टेशनात जूनपासून ऑगस्टअखेरपर्यंत टांगतात. आतल्या लोलकाला कागदाची पट्टी. वारा आला की पट्टी हलते, आणि सगळा फलाट वाजायला लागतो. जपानच्या पर्यावरण खात्यानं १९९६ मध्ये देशातले जपण्याजोगे शंभर आवाज निवडले, त्यांत हा आहे. स्टेशनचा आवाज सरकारनं जपायचा! आपल्या दादर स्टेशनाबद्दल मी काही बोलत नाही. एक लक्षात ठेवा, शिंकानसेनचं मिझुसावा-एसाशी हे स्टेशन वेगळं. तिथं उतरू नका. मिझुसावाला साध्या लोकल गाडीनंच यायचं.

शेवटचा मुक्काम नारुको ओन्सेन. फुरुकावाला गाडी बदलायची, पुढे डोंगराकडे पाऊण तास. गरम झऱ्यांचं गाव, आणि कोकेशी बाहुल्यांचं. हात नाहीत, पाय नाहीत, नुसतं लाकडी धड आणि डोकं. लाकूड कातायच्या चरकावर धड गरगर फिरत असतानाच कारागीर डोक्याची मान त्याच्या भोकात दाबून बसवतो. त्यामुळे मान पक्की बसते, पण फिरते. आणि फिरवली की कुरकुरते. इतर गावांच्या कोकेशी बहुतेक गप्प असतात, नारुकोची बोलते.

आणि हो, खायचं काय? नारुकोच्या परिसरात तोजीची, म्हणजे झऱ्यांच्या गरम पाण्यानं उपचार घ्यायची, जुनी विश्रामगृहं आहेत. दुखण्याला उतार पडावा म्हणून लोक तिथं आठवडा-आठवडा राहून आंघोळी करत, स्वतःचं स्वतः रांधून खात. तसं स्वयंपाकघर अजूनही काही ठिकाणी पाहुण्यांना मिळतं. एकटं माणूसही तिथं चालतं. मी तिथं तीन रात्री राहणार आहे. मुगाची डाळ आणि गोडा मसाला बॅगेत भरून झालाय. छोटा कुकर न्यायचा की नाही, एवढ्यावर घरात अजून वाद चालू आहे.