सोळांतली एक जागा

मित्रहो,

फुटबॉलमध्ये लहान देशाच्या संघाने मोठ्या संघाला हरवलं की दुसऱ्या दिवशी 'चमत्कार' असा मथळा येतो आणि विषय तिथेच संपतो. मला आज त्या चमत्काराच्या आधीचं बोलायचं आहे. तो लहान संघ त्या मैदानापर्यंत पोहोचला कसा, त्याला येऊ द्यायचं हे कुणी ठरवलं, आणि त्याआधी किती वेळा त्याला दारातूनच परत पाठवलं? कोल्हापुरात हे बोलताना विशेष बरं वाटतं, कारण पेठेचा संघ म्हणजे काय असतं हे इथे कुणाला समजावून सांगावं लागत नाही.

सुरुवात १९६६ च्या विश्वचषकापासून करतो. इंग्लंडमधली ती स्पर्धा म्हटलं की अंतिम सामन्यात इंग्लंडच्या जेफ हर्स्टचा चेंडू गोलरेषेच्या आत पडला की बाहेर, हा वाद लोकांना आठवतो. आफ्रिकेला त्या स्पर्धेचं दुसरंच काही आठवतं. संघ होते सोळा. त्यांतल्या दहा जागा युरोपला, चार दक्षिण अमेरिकेला आणि एक उत्तर व मध्य अमेरिकेला. उरलेली एक जागा आफ्रिका, आशिया आणि ओशियाना (ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंड आणि आसपासची बेटं) या तिघांत मिळून! म्हणजे आख्ख्या आफ्रिकेत पहिला आलेला संघसुद्धा इंग्लंडला जाईलच असं नाही. त्याने पुन्हा आशियातल्या विजेत्याशी झुंजायचं.

काळ लक्षात घ्या. आफ्रिकेतला एकेक देश स्वतंत्र होत होता आणि संयुक्त राष्ट्रांत त्यांना मान मिळू लागला होता. घाना १९५७ मध्ये स्वतंत्र झाला, आणि १९६३ व १९६५ असा दोनदा आफ्रिकेचा विजेता ठरला. घानाचे नेते क्वामे एन्क्रुमा यांच्यासाठी फुटबॉल हा नव्या आफ्रिकेच्या स्वाभिमानाचा भाग होता. त्यांचे क्रीडाप्रमुख ओहेने जान यांनी फिफाकडे, म्हणजे फुटबॉलच्या जागतिक संघटनेकडे, या वाटणीचा कडक निषेध नोंदवला. आफ्रिकी महासंघाने ठरवलं की हक्काची एक जागा मिळणार नसेल तर आपण खेळायचंच नाही, आणि नावं नोंदवलेले आफ्रिकी संघ पात्रता फेरीतून बाहेर पडले. चार वर्षांतून एकदा येणारी संधी स्वतःच्या हाताने सोडणं खेळाडूंना किती जड गेलं असेल! त्या पिढीतले कित्येक चांगले खेळाडू विश्वचषक न खेळताच निवृत्त झाले.

ती एकुलती एक जागा उत्तर कोरियाला मिळाली. पुढचं तुम्हाला माहीत असेल. १९ जुलै १९६६ रोजी मिडल्सब्रो इथे पाक डू-इकच्या गोलवर त्यांनी इटलीला घरी पाठवलं. उपांत्यपूर्व सामन्यात पोर्तुगालविरुद्ध ते ३-० ने पुढे होते. मग युसेबिओने चार गोल केले आणि पोर्तुगालने तो सामना ५-३ असा जिंकला. युसेबिओचा जन्म मोझांबिकचा, आणि मोझांबिक तेव्हा पोर्तुगालच्या ताब्यात होता. आफ्रिकेला जागा नाकारलेल्या स्पर्धेत सर्वाधिक, म्हणजे नऊ गोल करणारा खेळाडू आफ्रिकेच्या मातीतला होता. ही गोष्ट सांगताना मला आजही राग येतो.

बहिष्काराचा परिणाम झाला. १९७० साली आफ्रिकेला स्वतःची जागा मिळाली आणि मोरोक्को मेक्सिकोला गेला. १९७४ मध्ये झैर (आजचं काँगो) युगोस्लाव्हियाकडून ९-० असा हरला, तेव्हा 'यांना बोलावलंच कशाला' असा सूर लागला. पण त्याच खंडातल्या ट्युनिशियाने पुढच्याच विश्वचषकात मेक्सिकोला ३-१ ने हरवलं. त्याच्या पुढच्या स्पर्धेत, १९८२ मध्ये, अल्जीरियाने पश्चिम जर्मनीला २-१ असं नमवलं आणि कॅमेरून तीन सामने खेळून एकही न हरता परतला. नऊ गोल खाणं ही शिकण्याची किंमत असते. ती मोजायची संधीच दिली नाही तर संघ सुधारणार कधी?

अल्जीरियाचं पुढे काय झालं ते थोडं सविस्तर सांगायला हवं. माजेर आणि बेलूमीच्या गोलवर जर्मनीला हरवलेल्या या संघाने गटातला शेवटचा सामनाही जिंकला. पण तो होता २४ जूनला, आणि पश्चिम जर्मनी विरुद्ध ऑस्ट्रिया हा सामना दुसऱ्या दिवशी, गिखोन शहरात. त्यामुळे कोणता निकाल लागला की दोघंही पुढे जातात, हे दोन्ही संघांना आधीच ठाऊक होतं: जर्मनीने एक किंवा दोन गोलांनी जिंकायचं. ऱ्हुबेशने सुरुवातीलाच गोल केला आणि उरलेला जवळजवळ सगळा वेळ चेंडू मध्यभागी इकडून तिकडे ढकलला गेला. सामना विकला गेलाय हे दाखवायला प्रेक्षागृहातले अल्जीरियन लोक नोटा फडकावत होते. अल्जीरियाने तक्रार केली, पण कुठला नियम मोडलेलाच नव्हता. १९८६ पासून प्रत्येक गटातले शेवटचे दोन सामने एकाच वेळी सुरू होतात, ते यामुळे. पुढच्या विश्वचषकात दोन सामने एकदम लागले आणि कुठला बघावा असा प्रश्न पडला, तर अल्जीरियाची आठवण काढा. अन्याय त्यांनी सोसला, न्याय सगळ्यांना मिळाला.

जागा वाढण्यामागे मतांचं राजकारणही होतं. फिफात प्रत्येक सदस्य देशाला एक मत; आज असे २११ सदस्य आहेत. ब्राझीलचं मत एक आणि युरोपातल्या चिमुकल्या सान मारिनोचंही एकच. १९७४ मध्ये जुआव आवेलांज अध्यक्ष झाले ते आफ्रिका-आशियाला जास्त जागा देण्याचं आश्वासन देऊन, आणि १९८२ मध्ये संघ सोळाचे चोवीस झाले. याच मतांच्या जोरावर पुढे फिफात खाबूगिरी माजली हेही खरं. पण उपाय म्हणून लहानांचं मत काढून घ्या असं कुणी म्हणालं तर मी त्याच्या विरोधात उभा राहीन. त्यांच्याकडे दुसरं काय आहे?

आता युरोपकडे जाऊ. उत्तर अटलांटिकमधल्या फेरो बेटांची वस्ती आज साधारण ५४ हजार, म्हणजे कोल्हापूरची एक-दोन उपनगरं. १२ सप्टेंबर १९९० रोजी ते आपला पहिलाच अधिकृत स्पर्धात्मक सामना खेळले, समोर त्याच उन्हाळ्यात विश्वचषक खेळून आलेला ऑस्ट्रिया. सामना यजमानांचा, पण झाला स्वीडनमधल्या लँड्सक्रोना गावात, कारण बेटांवर गवताचं मैदानच नव्हतं. गोलरक्षक क्नुडसेन गोंड्याची लोकरी टोपी घालून उभा होता. टोर्किल निल्सनने गोल केला, फेरो १-० ने जिंकले आणि ऑस्ट्रियाच्या प्रशिक्षकाला पद सोडावं लागलं.

या सामन्याकडे गंमत म्हणून पाहणाऱ्यांनी त्यानंतरची वर्षं पाहावीत. बेटांवर मैदानं झाली, बारा महिने खेळता यावं म्हणून कृत्रिम गवत आलं. २०१४-१५ मध्ये त्यांनी ग्रीसला दोनदा हरवलं, २०२२ मध्ये तुर्कस्तानला आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये चेक प्रजासत्ताकाला. त्यांचा क्लाक्सविक हा क्लब सुमारे पाच हजार वस्तीच्या गावातला. २०२३ मध्ये त्याने हंगेरीच्या फेरेन्सवारोशला बुडापेस्टमध्ये जाऊन ३-० ने हरवलं आणि त्या हंगामात कॉन्फरन्स लीग या युरोपातल्या तिसऱ्या पायरीच्या क्लब स्पर्धेच्या गटसाखळीपर्यंत मजल मारली. तिथवर पोहोचलेला हा फेरोंचा पहिलाच क्लब.

मोठ्या देशांतले काही लोक अधूनमधून म्हणतात, की अशा चिमुकल्या संघांनी आधी आपापसांत वेगळी फेरी खेळावी, आमचा वेळ का घालवावा? माझं उत्तर लँड्सक्रोना. आधीची चाळणी असती तर फेरो आणि ऑस्ट्रिया समोरासमोर आलेच नसते. मात्र रोज दिग्गजांकडूनच मार खाऊनही कुणी वाढत नाही, हेही मान्य करायला हवं. २०१८ मध्ये सुरू झालेली, युरोपातल्या देशांच्या संघांची नेशन्स लीग मला म्हणूनच आवडते. तिथे तोडीस तोड संघांशी खरे, गुणांचे सामने होतात आणि विश्वचषक आणि युरो (युरोपातल्या देशांची स्पर्धा) यांच्या पात्रता फेरीत मोठ्यांशीही गाठ पडते. नेशन्स लीगमधून मिळालेल्या प्लेऑफच्या संधीवर जॉर्जिया युरो २०२४ ला पोहोचला आणि तिथे त्याने पोर्तुगालला २-० ने हरवलं. सान मारिनोने आपला पहिला अधिकृत स्पर्धात्मक विजय सप्टेंबर २०२४ मध्ये लिख्टेनश्टाइनविरुद्ध मिळवला, तोही याच स्पर्धेत.

क्लबांची गोष्ट मात्र उलट्या दिशेने गेली आहे, आणि त्याची मला जास्त काळजी वाटते. युरोपचा सर्वोच्च चषक १९६७ मध्ये ग्लासगोच्या सेल्टिकने जिंकला, तोही शहरात आणि आसपास जन्मलेल्या खेळाडूंच्या जोरावर. १९८६ मध्ये बुखारेस्टच्या स्तेआवाने आणि १९९१ मध्ये बेलग्रेडच्या रेड स्टारने तो जिंकला. डिसेंबर १९९५ मध्ये युरोपीय न्यायालयाने बेल्जियमचा खेळाडू बोस्मन याच्या खटल्यात दिलेल्या निकालाने करार संपलेल्या खेळाडूंना न्याय मिळाला, पण युरोपीय संघातल्या परदेशी खेळाडूंवरची मर्यादा उठली आणि श्रीमंत क्लबांना सगळीकडचे मोहरे उचलता येऊ लागले. मग चॅम्पियन्स लीगमध्ये, म्हणजे त्याच चषकाच्या नव्या रूपात, मोठ्या देशांचे तीन-तीन, चार-चार क्लब आले. २००४ मध्ये पोर्तुगालचा पोर्तो जिंकला. त्यानंतर २०२५ पर्यंतचा प्रत्येक विजेता इंग्लंड, स्पेन, इटली, जर्मनी किंवा फ्रान्सचा आहे.

पैशाच्या वाटपाचा लहान देशांत एक विचित्र परिणाम होतो. एखादा क्लब युरोपच्या गटसाखळीत पोहोचला की त्याला मिळणारी रक्कम घरच्या लीगमधल्या इतरांच्या आवाक्याबाहेरची असते. मग घरी तोच जिंकतो, तोच पुन्हा युरोपला जातो. बल्गेरियात राझग्राद या छोट्या शहराचा लुडोगोरेत्स २०१२ पासून सलग चौदा वेळा विजेता ठरला. त्यामागे मालकाचा पैसाही होता, पण युरोपच्या उत्पन्नाने हे चाक फिरत ठेवलं. म्हणून मदत एकाच क्लबला न देता त्या देशाच्या सगळ्या लीगला जास्त प्रमाणात मिळावी, असं मला ठामपणे वाटतं.

२०२५ च्या क्लब विश्वचषकात न्यूझीलंडचा ऑकलंड सिटी होता. नोकऱ्या सांभाळून खेळणारे हे खेळाडू बायर्न म्युनिककडून १०-० असे हरले आणि जगभर हसं झालं. नऊ दिवसांनी त्यांनी अर्जेंटिनाच्या बोका ज्युनियर्सला १-१ असं रोखलं. तो गोल क्रिश्चन ग्रे या शिक्षक होऊ घातलेल्या बचावपटूने केला. हसणाऱ्यांपैकी किती जणांनी दुसरा सामना पाहिला असेल?

शेवटी आपल्याकडे येतो. आशियाच्या चॅम्पियन्स लीगमध्ये २०२१ पासून संघ ३२ वरून ४० करण्यात आले आणि भारतीय क्लबाला पहिल्यांदाच थेट गटसाखळीत जागा मिळाली. त्या वर्षी एफसी गोव्याने आपल्या फातोर्डा मैदानावर कतारच्या अल रय्यानला आणि अमिरातीच्या अल वहदाला बरोबरीत रोखलं. पुढच्या वर्षी, ११ एप्रिल २०२२ ला रियाधमध्ये, मुंबई सिटीने इराकच्या अल कुवा अल जाविया संघाला २-१ ने हरवलं. या स्पर्धेतला तो कुठल्याही भारतीय क्लबाचा पहिला विजय, आणि निर्णायक हेडर होता मुंबईच्या राहुल भेकेचा. २०२३ च्या हंगामात त्याच मुंबईने सहाच्या सहा सामने गमावले, पण नवी मुंबईत सौदीच्या अल हिलालसारखा बलाढ्य संघ खेळायला आला आणि आपल्या पोरांनी तो जवळून पाहिला.

२०२४ मध्ये आशियाई महासंघाने सर्वोच्च गटातले संघ ४० वरून २४ केले. वरच्या स्पर्धेला आणखी मोठी बक्षिसं ठरली आणि भारताचा विजेता दुसऱ्या पायरीच्या स्पर्धेत ढकलला गेला. आशियाई महासंघाचे ४७ सदस्य आहेत आणि प्रत्येकाला एक मत आहे. बांगलादेश, नेपाळ, मालदीव, किरगिझस्तान, फिलिपिन्स यांचे प्रश्न आपल्यासारखेच आहेत. या सगळ्यांनी मिळून, प्रत्येक विभागातल्या लहान लीगच्या विजेत्यांसाठी सर्वोच्च स्पर्धेत खेळून मिळवता येईल अशी पात्रता फेरी मागावी, आणि भारतीय महासंघाने त्यात पुढाकार घ्यावा. हा ठराव आपल्या जिल्हा संघटनेपासून वर जायला काहीच हरकत नाही.