सिमला ऑफिस आणि ग्राफवरचे ठिपके

शिवाजीनगरचा सिमला ऑफिस चौक माहीत नाही असा पुणेकर सापडायचा नाही, पण पुण्यात सिमला आलं कुठून असं विचारा, निम्मे गप्प. तर हवामान खात्याचं मुख्यालय १९२८ ला सिमल्याहून इथं आलं, येताना नावही घेऊन आलं.

त्याआधी, १९०४ ते १९२४, खात्याचे प्रमुख होते गिल्बर्ट वॉकर, मूळचे गणितवाले. पाऊस कसा होणार ते आधीच सांगायचं म्हणून त्यांनी जगभरातले हवेचा दाब, तापमान, पाऊस असले आकडे जमवले आणि कारकून बसवून कशाचं कशाशी जुळतंय ते हाताने काढून घेतलं, कॉम्प्युटर हा प्रकारच नव्हता. हेच ते कोरिलेशन, पुस्तकातला सहसंबंध.

आता हा अकरावीचा वर्ग. मॅडमनी फॉर्म्युला अजून फळ्यावर लिहिलाच नाहीये, आधी सगळ्यांची उंची आणि वीत मोजायची. ही मुलगी बघा, अंगठा पट्टीच्या शून्याला टेकवून करंगळी ताणतीये, साडेएकोणीस, शेजारचा म्हणतो अजून ताण, वीस होतील. ग्राफच्या आडव्या अक्षावर उंची, उभ्यावर वीत, प्रत्येकाचा एक ठिपका. ठिपके तिरके वर चढत जातात पण एका रेघेत काही बसत नाहीत, आणि बसणारही नाहीत.

मग येतो आर, सहसंबंध मोजणारा, उणे १ ते अधिक १ मधला आकडा. रेघ किती चढी आहे ते तो सांगत नाही, ठिपके सरळ रेघेला किती चिकटून आहेत एवढंच सांगतो, आणि पोरं हमखास इथंच घसरतात. वीत इंचात घेतली की रेघेचा चढ बदलतो, आर जिथल्या तिथं. ठिपके कमानीसारखे वाकले तर नातं पक्कं असूनही आर शून्याजवळ येऊ शकतो, म्हणून आधी ग्राफ, मग कॅल्क्युलेटर.

भरमसाठ जोड्या तपासल्या की एखादी नुसत्या नशिबाने झकास जुळते, हे वॉकरांनीच बजावून ठेवलेलं.

एल निनो, म्हणजे प्रशांत महासागराचं पाणी नेहमीपेक्षा जास्त तापणं, आणि आपला पाऊस यांचं नातं उलटं, आर उणे. पण १९९७ ला जबरदस्त एल निनो असूनही देशात पाऊस सरासरीच्या आसपास झाला. फळ्यावर तो ठिपका एकटाच लांब पडलाय. "मॅडम, हा खोडू?" खोडायचा नाही, शेजारी वर्ष लिहायचं. त्या वर्षी हिंदी महासागर पश्चिमेला जास्त गरम आणि पूर्वेला थंड होता, आणि दोनच अक्षांच्या ग्राफवर ते दिसायला जागाच नाही.