पिल्लू मोठं होतं तेव्हा

मंडळी, "माकडाचं पिल्लू मिळालं तर पाळू का?" असं मला पुण्यात बरेच जण विचारतात. विचारणारा प्रेमानंच विचारतो. म्हणून नुसतं 'नको' न म्हणता कारणं सांगतो.

सिंहगडावर आपल्याला दिसतं ते बॉनेट माकड, डोक्यावर मधोमध भांग पाडल्यासारखे केस असलेलं. भारतीय द्वीपकल्पाच्या दक्षिणेकडच्या भागाबाहेर, ज्यात आपला सिंहगडही येतो, ते जगात कुठंच नाही. तिथल्या टोळीकडे हातातलं कणीस पिशवीत ठेवून जरा निवांत बघा. एक मादी दुसरीच्या पाठीवरचे केस एका हातानं बाजूला करते, दुसऱ्या हातानं कातडीवरचं काहीतरी टिपते आणि तोंडात टाकते. मधूनमधून ओठ चुटचुट वाजवते. यात स्वच्छता होतेच, पण मुख्य म्हणजे नाती टिकतात. या माद्या जन्मभर एकाच टोळीत राहतात. आईचा मान मोठा, तर लेकीचाही मोठा. नर मात्र वयात आले की बहुतेक दुसरी टोळी शोधतात. कुणाला वाट द्यायची, कुणापुढे नमायचं, हे पिल्लू आईच्या पोटाला चिकटूनच शिकतं.

हे सगळं फ्लॅटमध्ये कसं द्याल? पिल्लू तुमच्या गळ्याला मिठी मारतं ते आई नाही म्हणून. अमेरिकेत हॅरी हार्लो या मानसशास्त्रज्ञानं १९५०च्या दशकात ऱ्हीसस माकडाची, म्हणजे उत्तर भारतातल्या लाल तोंडाच्या माकडाची पिल्लं आईपासून तोडून वाढवली. त्यांना दोन खोट्या आया दिल्या, एक तारेचा सांगाडा, एक कापडी पुतळा. दूध तारेच्या सांगाड्याला लावलं होतं, तरी ती दिवसभर कापडी पुतळ्यालाच बिलगून बसत. एकटी वाढलेली पिल्लं पुढे झुलत राहत, स्वतःलाच चावत. फार निर्दय प्रयोग होता तो.

मोबाईलवर 'हसणारं' माकड बघून आपण खूश होतो. दात विचकणं हे बहुतेक वेळा भीतीचं लक्षण असतं, आणि रोखून बघणं म्हणजे धमकी. आपण नेमकं उलटं वागतो: डोळ्यांत डोळे घालून दात दाखवतो. चार-पाच वर्षांत नराला लांब सुळे येतात. मग तो घरातल्यांशीही मानासाठी झगडतो, आणि फटका आधी लहान मुलांना बसतो. तेव्हा साखळी येते, पिंजरा येतो. माकड वीस-पंचवीस वर्षं सहज जगू शकतं, हे लक्षात घ्या. चाव्यातून रेबीजचा धोका असतो, आणि आपला क्षयरोग त्याला होऊ शकतो.

कायद्यानंही हे चालत नाही. बॉनेट माकडाला १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचं संरक्षण आहे, आणि माकडाचे खेळ करण्यावर १९९८पासून बंदी आहे.

एकटं पिल्लू दिसलं तर लगेच उचलू नका. लांब उभे राहा, कुत्री हाकला. टोळी जवळपास असेल तर आई परत येऊ शकते. पिल्लू जखमी असेल किंवा आई विजेच्या तारेला लागून मेलेली दिसली, तर वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर फोन करा, आणि माणसं येईपर्यंत त्याला दूध-बिस्कीट काही भरवू नका.