डोंगराला नावं ठेवणारी माणसं

श्रोतेहो, नमस्कार.

नकाशात सह्याद्रीवर बहुतेकदा लिहिलेलं असतं, 'पश्चिम घाट'. खरं तर घाट हे डोंगराचं नावच नव्हे. कोकणातून देशावर चढणारी वाट, तो घाट. बोरघाट, थळघाट, वरंध. जुन्नरजवळच्या नाणेघाटात तर सातवाहनांच्या काळातला शिलालेख आहे, इतकी ही वाट जुनी. युरोपीय नकाशांनी वाटेचं हे नाव अख्ख्या पर्वताला चिकटवलं. डोंगरातला माणूस मात्र आजही घाट 'उतरतो', आणि वरच्या मुलखाला घाटमाथा म्हणतो.

चालणाऱ्याला लागतील तेवढे शब्द इथे आहेत, आणि ते खडकाला धरून आहेत. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी इथे लाव्ह्याचे थर एकावर एक साचले. कठीण थर उभा तुटतो, तो कडा. दोन कड्यांच्या मधली, जरा कमी उताराची झाडीभरली पट्टी म्हणजे पदर. भूगर्भशास्त्रज्ञ याच खडकाला 'ट्रॅप' म्हणतात, स्वीडिश भाषेत त्याचा अर्थ जिना. मला विचाराल तर पदर जास्त नेमका, कारण जिन्यावर झाडी नसते.

कड्याला पडलेली उभी, दगडगोट्यांनी भरलेली घळ म्हणजे नाळ. लिंगाण्याच्या परिसरात बोराट्याची नाळ आहे, सिंगापूरची नाळ आहे. पावसाळ्यात तिथे वरून दगड सुटतात, म्हणून नाळेची वाट म्हटली की जाणता माणूस आधी आभाळाकडे बघतो. निसणीची वाट म्हणजे जिथे कातळाला शिडी लावल्याशिवाय पुढे जाता येत नाही ती. सोंड, धार, सुळका हे तर पाहताक्षणी कळतात. नेढं मात्र दाखवावं लागतं: कातळाला आरपार पडलेलं भोक, सुईच्या नेढ्यासारखं. राजगडाच्या सुवेळा माचीवर एक आहे, रतनगडाच्या माथ्यावर दुसरं.

खिंडीला उत्तरेकडे बारी म्हणतात. महाराष्ट्रातलं सर्वांत उंच शिखर कळसूबाई, उंची 1646 मीटर. त्याच्या पायथ्याच्या गावाचं नावच बारी. आणि मघाशी नकाशावाल्यांना बोल लावला खरा, पण बागलाणात जाऊन बघा. तिथल्या एका डोंगररांगेला सेलबारी-डोलबारी म्हणतात. खिंडींचीच नावं रांगेला, आणि ती काही कुणा परक्याने दिलेली नाहीत.