चौथ्या कोपऱ्यात चौकोन का नाही?

श्रोतेहो, नमस्कार. किराणा दुकानात ज्या काळ्यापांढऱ्या चौकोनावर मोबाइल धरून आपण पैसे देतो, तो क्यूआर कोड आज शाळेत नेऊ या.

सोलापूर जिल्ह्यातल्या माढा तालुक्यात परितेवाडी नावाचं गाव आहे. तिथल्या जिल्हा परिषदेच्या शाळेत रणजितसिंह डिसले गुरुजींनी पाठ्यपुस्तकांना असे कोड जोडले. २०२० साली त्यांना ग्लोबल टीचर प्राइझ मिळालं, दहा लाख डॉलरचं. त्यातली निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतल्या बाकीच्या नऊ शिक्षकांना वाटून दिली. आता बालभारतीच्या पुस्तकांवरही कोड छापलेले दिसतात. हे तुम्हाला ठाऊक असेल. मला मात्र सांगायचंय माझ्या शाळेतल्या एका चिठ्ठीबद्दल.

मी बीड जिल्ह्यातला शिक्षक. दिवाळी झाली की आमचा वर्ग निम्मा रिकामा होतो. आईबाप ऊसतोडीला जातात, लेकरंही जातात, ती थेट उन्हाळ्यात परततात. एका वर्षी पाचवीतला एक मुलगा निघाला, तेव्हा मी त्याच्या वहीत चाळीस चिठ्ठ्या चिकटवून दिल्या. प्रत्येक चिठ्ठीवर पंजाएवढा एक कोड, आणि कोडात एक गणित. एका मोळीत इतके ऊस, तर गाडीभर मोळ्यांत किती? आदल्या गणिताचं उत्तर पुढच्या चिठ्ठीत.

इथं एक गोष्ट नीट ऐका. कोडमध्ये वेबसाइटचा पत्ता असेल तर इंटरनेट लागतं. पण मजकूरच कोडमध्ये भरलेला असेल, तर इंटरनेट लागत नाही. पुन्हा सांगतो, मजकूर कोडमध्येच असेल तर इंटरनेट लागत नाही. उसाच्या फडात रेंज नसली तरी चालतं. मजकूर तेवढा छोटा ठेवायचा, म्हणजे ठिपके मोठे राहतात आणि स्वस्तातला स्मार्टफोनही ते वाचतो.

त्याच्या बापाकडं बटणांचा फोन होता. स्मार्टफोन होता ट्रॅक्टरच्या ड्रायव्हरकडं. ट्रॉली भरेपर्यंत ड्रायव्हर बांधावर बसायचा. पोरगं वही घेऊन त्याच्याजवळ जायचं, चिठ्ठी वाचून घ्यायचं आणि रात्री कोपीत, म्हणजे फडावरच्या झोपडीत, गणित सोडवायचं. अठरा चिठ्ठ्या झाल्या. एकोणिसाव्या दिवशी बैलानं वहीचा कोपरा चावून नेला, त्याबरोबर कोडचाही कोपरा गेला. फोन काही वाचेना. ड्रायव्हर म्हणाला, "सोड ती, पुढची घे."

पण अठराव्याचं उत्तर एकोणिसावीत होतं. पोरानं रात्रभर ती चिठ्ठी न्याहाळली. उरलेल्या तीन कोपऱ्यांपैकी दोघांत सारखेच चौकोन होते: बाहेर काळी चौकट, आत पांढरी, मधोमध काळा ठोकळा. त्यानं वहीचं एक पान फाडलं, फाटक्या जागी पिठाच्या खळीनं मागून डकवलं आणि शेजारच्या चौकोनाची काडीनं मापं घेऊन तिसरा चौकोन पेनानं काढला.

सकाळी ड्रायव्हरनं फोन धरला. चिठ्ठी वाचली गेली!

ड्रायव्हरच्याच फोनवरून त्यानं मला सांगितलं, "गुर्जी, बैलानं खाल्लेला कोपरा म्या काढला." त्या दिवशी शाळेत मी हे किती जणांना सांगितलं असेल!

हे घडतं कसं? १९९४ साली जपानमधल्या डेन्सो वेव्ह कंपनीत मासाहिरो हारा यांनी गाड्यांच्या सुट्या भागांचा हिशेब ठेवण्यासाठी हा कोड बनवला. कोपऱ्यांतले ते तीन चौकोन फोनला कोड कुठं आहे ते दाखवतात; त्यातला एक गेला की बहुतेक वेळा फोनला कोड सापडतच नाही. बाकीचा मजकूर जास्तीची माहिती घालून लिहिलेला असतो. कोड बनवताना या दुरुस्तीची सर्वांत वरची पातळी निवडली, तर चौकोन शाबूत असले की मजकुराचा सुमारे ३० टक्के भाग खराब झाला तरी तो वाचता येतो. मी तीच निवडली होती. तुम्हीही तीच निवडा.

    

उन्हाळ्यात तो परतला. वही माझ्यापुढं ठेवून त्यानं पहिला प्रश्न विचारला, "गुर्जी, चौथ्या कोपऱ्यात चौकोन का नाही?"

मी उत्तर दिलं नाही. वर्गाला फोन दिला. मुलांनी कोड उलटा धरला, आडवा धरला. फोन दर वेळी बरोबर वाचत होता. बराच वेळ गलका चालला. मग मागच्या ओळीतली एक मुलगी, तीही फडावरूनच परतलेली, उभी राहिली आणि म्हणाली, "गुर्जी, गोधडीच्या चारी कोपऱ्यांना सारखं ठिगळ असलं तर उशाकडची बाजू कळत नाही. तीनच कोपऱ्यांना असलं, तर अंधारातही हाताला कळतं."