लूपवर थेट इंडक्शन चालत नाही! एकमन–हिल्टनमधली खरी मेख

नमस्कार मंडळी! विषय होमोटोपी टाइप थिअरीचा. इथे 'अ = ब' याचा पुरावा म्हणजे अ पासून ब पर्यंतचा पाथ, म्हणजे वाट; दोन्ही टोकं एकच असतील तर तो लूप; आणि जागच्या जागी थांबणारा पाथ म्हणजे रेफ्ल. पाथ इंडक्शन म्हणजे विधान फक्त रेफ्लसाठी सिद्ध करायचं, की ते सगळ्या पाथांसाठी सिद्ध होतं. मागच्या व्हिडिओखाली पुन्हा तोच प्रश्न: 'लूप म्हणजे अ = अ. पाथ इंडक्शन लावा, लूप रेफ्ल होईल. मग एकमन–हिल्टनसाठी एवढा खटाटोप कशाला?'

बाकीचं भरभर सांगते. लूप जोडता येतात, उलटवता येतात, रेफ्ल हे एकक. रेफ्लपासून रेफ्लपर्यंतचे पाथ म्हणजे दुसरी लूप स्पेस. तिथली जोडणी क्रमनिरपेक्ष असते, म्हणजे आधी कुठला जोडला यानं फरक पडत नाही. हेच एकमन–हिल्टनचं प्रमेय, आणि तेच दाखवायचंय.

आता मेख. पाथ इंडक्शनला एक टोक मोकळं लागतं. सुटं टोक असेल तर दोरी ओढून घेता येते. दोन्ही टोकं एकाच खुंटीला बांधली असतील, तर दोरी मध्ये कशाभोवती फिरलीय त्यावर सगळं.

पटत नाही? वर्तुळ घ्या. लिकाटा आणि शुलमन यांच्या 2013च्या पेपरात वर्तुळाच्या लूपांना पूर्णांक जोडलेत. एका फेऱ्याला 1, रेफ्लला 0. सगळे लूप रेफ्ल असते, तर 1 = 0 झालं असतं!

तरी 'लूपवर थेट इंडक्शन अग्डात पास होतं' म्हणणारे आहेतच. (अग्डा म्हणजे प्रूफ तपासणारी संगणकभाषा.) आमच्या अभ्यासगटातही एकीनं असं प्रूफ आणलं होतं. 'के' म्हणजे प्रत्येक लूप रेफ्लच असतो हे गृहीतक, आणि अग्डा ते एरवी धरूनच चालते. फाइलच्या वर 'विदाउट के' लिहिलं, आणि अग्डानं तीच ओळ नाकारली. हा फ्लॅग न लावता लिहिलेली प्रूफं कृपा करून पाठवू नका. त्यात होमोटोपी उरतच नाही.

मग करायचं काय? आधी सगळं मोकळं सोडा. प आणि क हे अ ते ब पाथ, र आणि स हे ब ते ड. अल्फा म्हणजे प = क, बीटा म्हणजे र = स. आडवी जोडणी, म्हणजे 'प मग र' पासून 'क मग स' पर्यंत जाणं, दोन प्रकारे होते: आधी अल्फा मग बीटा सरकवा, किंवा उलट. दोन्ही सारख्याच, कारण आता अल्फा, बीटा, मग प आणि र, सगळ्यांवर इंडक्शन चालतं. त्यानंतरच चारही पाथांच्या जागी रेफ्ल घाला. एका प्रकारातून अल्फा-बीटा निघतं, दुसऱ्यातून बीटा-अल्फा. मध्ये एककाचे नियम येतात, पण रेफ्लपाशी तेही रेफ्लच.

1932मध्ये झुरिकच्या गणित काँग्रेसमध्ये एदुआर्द चेख यांनी हे वरचे गट (दुसऱ्या आणि त्यापुढच्या लूप स्पेसमधून मिळणारे) मांडले, तेव्हा ते क्रमनिरपेक्ष आहेत म्हणूनच लोकांना बिनकामाचे वाटले. मला राहूनराहून त्याचं वाईट वाटतं.

असो. स्वतः लिहून बघा, रेफ्ल शेवटच्या ओळीपर्यंत येऊ देऊ नका. आणि अडलात तर ती ओळ कमेंटमध्ये टाका; नुसतं 'चालत नाही' म्हटलं तर मला मदत करता येत नाही.