पऱ्हाटीच्या बोंडाचा एक्स-रे

श्रोतेहो, नमस्कार.

आपल्याकडे बहुतेक घरांत कपाटावर नाहीतर पेटीत एक्स-रेची एखादी जुनी फिल्म पडलेली असते. आजीचा मोडलेला हात, बाबांची छाती. डॉक्टरांनी पाहिली की तिचं काम झालं, असं आपण धरून चालतो. माझी विनंती आहे, ती फिल्म खिडकीपाशी धरा आणि चित्र म्हणून पाहा. सूर्याकडे मात्र धरू नका. ग्रहण पाहायला आपल्याकडे हीच फिल्म काढतात, त्यानं डोळे कायमचे जाऊ शकतात.

जर्मनीत विल्हेल्म राँटगेन यांना हे किरण १८९५ च्या नोव्हेंबरात सापडले. डिसेंबरात त्यांनी पत्नीचा हात त्या किरणांपुढे ठेवला. त्या छायाचित्रात मांसाची कड पुसट आहे, हाडं स्पष्ट आहेत आणि बोटातली अंगठी सगळ्यांत ठसठशीत. मांसातून किरण सहज पार होतात, हाडातलं कॅल्शियम त्यांना अडवतं, धातू तर फारच अडवतो. किरण पोचले तिथे फिल्म काळी पडते. म्हणजे आपल्याला दिसणारं पांढरं हाड ही खरं तर सावली आहे.

पुढे १९३० च्या दशकात लॉस एंजेलिसला डेन टास्कर नावाच्या रेडिओलॉजिस्टनी चक्क फुलांचे एक्स-रे काढले. गुलाब, कमळ. फुलात कुठलं आलं हाड? जोरदार किरण पाकळीतून तसेच निघून जातात, म्हणून फुलाला कमी शक्तीचे किरण लागतात. मग पाकळीची एकेक शीर उमटते. दोन पाकळ्या एकमेकींवर आल्या की फिल्मवर तेवढीच जागा जास्त पांढरी दिसते. रंग गेले, तरी फूल किती नाजूक आहे ते अशा चित्रात जास्त कळतं, असं मला मनापासून वाटतं.

आणि मला आपली पऱ्हाटी, म्हणजे कपाशी, आठवते. हिरवं बोंड वरून चांगलं दिसतं. आत गुलाबी बोंडअळी सरकी खात बसलेली असते, शिरल्याचं भोकही बुजून गेलेलं असतं. २०१७ च्या हंगामात विदर्भानं हे भोगलं आहे. आपल्या मातीतल्या एखाद्या चित्रकारानं रेडिओलॉजिस्टला सोबत घेऊन दोन बोंडांचा एक्स-रे शेजारी शेजारी मांडावा. एकात भरलेली सरकी, दुसऱ्यात पोखरलेली. ते चित्र कापूस पिकवणाऱ्याला कोणी समजावून सांगायची गरज पडणार नाही.

शाळेतल्या गुरुजींना आणि बाईंना एक सुचवतो. यंत्र नको, किरण नकोत. वावरातून एक बोंड आणा, मोठ्या माणसानं ते उभं चिरावं. मुलांना काळा कागद आणि पांढरा खडू द्या. नियम एकच. जिथे वस्तू जाड, तिथे खडू दाट. जिथे पातळ, तिथे हलका हात. पोकळ जागा काळीच सोडायची. चित्रं झाली की आकाशवाणीच्या पत्त्यावर जरूर पाठवा.